शकूमावशी डोंगरावरून पायी उतरली

राई गावच्या शकूमावशीला नाजूक नाकाची बाई असं कुणीच म्हटलं नसतं. उभा जन्म मासळीच्या पाटीखाली गेलेला. नवरा नाथा होडी घेऊन खाडीत जायचा आणि ही पाटी घेऊन शांती नगरात दारोदार फिरायची. बोंबलाचं पाणी मानेवरून ओघळायचं, पण त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. नाथा गेल्यावर तिनं बहिणीची आईवेगळी पोर, क्षितिजा, त्याच पाटीवर वाढवली, शिकवली आणि बँकेत नोकरीला लागलेली पाहिली. शकूला चीड होती ती एकाच गोष्टीची. जाळं ओढलं की कोळंबीआधी वर यायच्या पिशव्या, बाटल्या आणि पोरांचे डायपर. ते सोडवताना ती टाकणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

क्षितिजाला बढती मिळाली तेव्हा तिनं मावशीचं नाव परस्पर महिला मंडळाच्या सहलीत घातलं. रोपवेनं डोंगरावरच्या रिसॉर्टला जायचं, वर जेवायचं, संध्याकाळी परत. सोबत गाईड.

"कधी कुठे गेलीयस का तू? जा, जरा थंड हवेत बस," क्षितिजा म्हणाली.

शकूनं ठेवणीतलं लुगडं काढलं, अंबाड्यात अबोलीची वेणी माळली आणि नवघरच्या नाक्यावर बसमध्ये चढली.

गाईडचं नाव नीरज. हातात माईक, तोंडात सारखं एकच, "लेडीज, एन्जॉय करने का, टेन्शन नहीं लेने का!" रोपवेचा डबा अधांतरी सुटला तसा तो ओरडला, "सब लोग लेफ्ट में देखो! क्या व्ह्यू है!" सगळ्या डाव्या काचेला चिकटल्या. शकूला तिथं जागा मिळाली नाही, म्हणून तिनं उजवीकडं पाहिलं.

शिखरापासून खालपर्यंत एक घळ उतरत होती. आधी तिला वाटलं, फुलं फुललीत. डबा जवळ गेला तेव्हा दिसलं. थर्माकोलच्या पत्रावळ्या, बाटल्या, डायपर, खरकटं आणि त्यावर कावळ्यांचा कालवा. वरच्या फटीतून आंबूस भपका आत शिरला.

"ओ भाऊ, हे काय हाय?"

"मावशी, उधर कुछ नहीं है. लेफ्ट देखो ना."

वर हिरवळ होती, कारंजी होती, झोपाळे होते. जेवणाला ही झुंबड! बायकांनी ताटं शीग लावून भरली, निम्मी तशीच टाकली आणि नवी घेतली. कुणीतरी गुलाबजामाच्या पाकात हात पुसलेला कागद बुडवून ठेवला होता. शकूचा घास तोंडातच फिरायला लागला. ती उठली आणि संडास शोधत निघाली. तो तुंबलेला. पदर नाकाला लावून ती मागं वळली, ती थेट मुदपाकखान्याच्या पिछाडीला आली.

दोन गडी खरकट्यानं भरलेलं पिंप कड्यावरून पालथं करत होते. बाजूला एक बाई भांडी घासत बसली होती. तिचं नाव हंसा.

"खाली काय हाय गं?" शकूनं विचारलं.

"आमचा पाडा."

"आणि पाणी?"

"व्हळ हाय. याच घळीचा."

"मंग बोलत न्हाय कुणी?"

"माझा दीर बोलला. त्याला कामावरून काढला." हंसानं हातातली कढई उपडी केली. "तुमच्या गावात कुठं टाकतात?"

शकूला गावचा मासळीबाजार आठवला. बाजार उठला की बर्फाचे फुटके थर्माकोलचे डबे सगळ्याजणी पायानं खाडीत लोटायच्या. तीही लोटायची.

"खाडीत," ती म्हणाली.

हंसानं पुढचं भांडं घासायला घेतलं.

निघायच्या वेळी नीरज मोबाइल घेऊन सगळ्यांचे व्हिडिओ काढत होता. "मावशी, बोलो, कैसा लगा?"

"किळस आली."

बायका फिसकन हसल्या. मंडळाच्या अध्यक्षा पूर्वीताई कानाशी लागल्या, "शकूताई, एवढी हौसेची सहल, कशाला विरजण घालताय?"

"विरजण कसलं, नासलंय ते. त्या घाणीवरून परत लोंबकळत मी जायची न्हाय."

नीरजनं हातापाया पडून पाहिलं. हंसा काम आटोपून पायवाटेनं घरी निघाली होती. शकू तिच्या मागोमाग चालू लागली.

वाट घळीतूनच जात होती. चपला मऊ, कोमट भातात रुतायच्या आणि काढताना पचपच आवाज यायचा. भातात अळ्या वळवळत होत्या. एक शेळी चांदीचा कागद चघळत उभी होती. मध्येच चप्पल निसटली आणि तळपायात काच शिरली. शकूनं ती उपसून फेकली. कुठं फेकली ते कळताच तिला स्वतःचीच शिसारी आली.

पाड्यात पोचल्यावर हंसानं तिला ओट्यावर बसवलं. व्हळाकाठच्या खड्ड्यातलं पाणी फडक्यातून गाळलं आणि लोटा पुढं केला. पाण्यावर तेलाचा बारीक तवंग होता. शकूच्या घशाला कोरड पडली होती. घरच्या बाईनं दिलेलं पाणी नाकारू नये, हेही ती जाणत होती. तरी तिचा हात उचलेना. तिनं तोंड फिरवलं.

हंसानं लोटा मागं घेतला आणि उभ्या उभ्या स्वतः पिऊन टाकला.

"आम्हाला सवय हाय," ती म्हणाली. तिनं शकूला डांबरी रस्त्यापर्यंत नेऊन सोडलं.

बस थांबून होती. बायकांनी तोंडसुख घेतलं, मग शेजारची जागाही सोडली, कारण शकूच्या पायांना वास मारत होता. नवघरला क्षितिजा वाट पाहत उभी होती. तिला आधीच फोन गेला होता.

"मी किती हौसेनं पाठवलं होतं तुला, मावशी."

"तुझी हौस खरी गं, पोरी. मला तिथलं पाणी पिववलं न्हाय. त्या बाईसमोर मान फिरवली मी."

घरी येऊन शकू मोरीत बसली. क्षितिजानं गरम पाणी आणलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला. जखमेत चिखल आणि कसलंतरी पिवळं चिकटलेलं होतं. तिनं एका हातानं नाक दाबलं, पण पाय सोडला नाही.