सूर चोरीला गेल्याची तक्रार

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण मालवणच्या किनाऱ्यावरची ती घटना आठवली की अजूनही माझा हात खिशातल्या फोनकडे जातो.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. मधलं सगळं ठाण्यात शिकलो, आणि ते कॉलेजात शिकवत नाहीत हे मी कोणालाही तोंडावर सांगतो. माझं गाव आत तळेऱ्याकडचं, समुद्रापासून लांब. किनाऱ्यावरच्या या ठाण्यात मी नुकताच बदलून आलो होतो.

त्या मोसमात एक गाणं सगळीकडे वाजत होतं. एकटी बाई गाते, मागे गिटार, बाकी काही नाही. किनाऱ्यावर दिवा दिसतोय, पण तो माझ्यासाठी लावलाय का, असे काहीसे शब्द. गाणारणीचा चेहरा कुठे दाखवलेला नाही, नावही टोपण. रिक्षात तेच, बोटीवर तेच. लोक डोळे पुसत ऐकायचे. मला मात्र ते अर्धवट वाटायचं, जेवता जेवता कोणी पानावरून उठून गेल्यासारखं.

खबर दिली ती पर्यटकांच्या बोटींची तिकिटं फाडणाऱ्या माझ्या माणसाने. फोनवर म्हणाला, "सायबानू, बेगीन येवा. मास्तरान सरबतवालीचो स्पीकर दगडान फोडल्यान."

मास्तर म्हणजे तिथला एक ख्रिस्ती म्हातारा. मे महिन्यात वाडीवाडीच्या क्रूसासमोर लादीन होते. लादीन म्हणजे सगळ्या वाडीने मिळून गायची प्रार्थना. काहीजण पहिला सूर धरतात, काहीजण त्याच्या जोडीने दुसरा. मास्तर तिथे व्हायोलिन वाजवायचा. बायको वारलेली. पुढे काय झालं कोणास ठाऊक, त्याने व्हायोलिन पेटीत ठेवलं ते ठेवलंच.

दोघांना ठाण्यात आणलं. फुटला तेव्हा स्पीकरवर तेच गाणं वाजत होतं. सरबतवाली तावातावाने म्हणाली, ह्येका आत घाला, माझी गिऱ्हाइकं पळाली. म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "आदी माझी तक्रार घेवा. माझो सूर चोरीक गेलो हा. आनी ही बाय चोरीचो माल वाजयता."

ठाणे अंमलदार तोंड फिरवून हसले. मी हसलो नाही. नोकरीत एक गोष्ट पाहिली होती. चोरीची तक्रार द्यायला आलेला माणूस न विचारता आधी संशयिताचं नाव सांगतो. शेजारी, मेहुणा, गडी, कोणीतरी त्याच्या जिभेवर असतंच. मी विचारलं, "मास्तरानू, चोर कोण?"

"ता तुमचा काम. माका कित्याक इचारतास?"

मी फिरवून फिरवून विचारलं. सूर कधीचा, कोणाकोणाला शिकवला, संशय कोणावर. प्रत्येक वेळी तो मलाच कायदा शिकवायचा. नावापर्यंत आला की गप्प. मी ओळखलं, याला चोर माहीत आहे.

"सूर तुमचो कशावरना?" मी म्हटलं. "वाजवून दाखवा."

शिपाई सोबत देऊन त्याला घरी पाठवलं. तो पेटी घेऊन आला. तारा लावायलाच बराच वेळ गेला. मग त्याने वाजवलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गाण्याचा सूर तो नव्हताच. अंमलदार म्हणाले, हा तर वेगळाच आहे.

"फोनार गाणा लाव," म्हातारा मला म्हणाला. "मगे बोल."

मी गाणं लावलं. तो त्याच्यावर आपलं वाजवू लागला. दोन वेगळे सूर असे जुळले की बाहेर जबाबासाठी थांबलेली माणसं दाराशी आली. पानावरून उठून गेलेला माणूस परत येऊन बसला होता. सरबतवाली भांडण विसरून बाकावर टेकली.

"ही दुसरो गाता," तो म्हणाला. "पयलो माझो. घरचो. भायर खंयच वाजवक नाय."

"मग घरात दुसरो कोण गायचा?"

त्याने व्हायोलिन पेटीत ठेवलं, कडी लावली, टोपी सारखी केली. उत्तर दिलं ते सरबतवालीने. "सांग मरे आता. तुझा चेडू गायचा."

मुलगी आईच्या जागी दुसरा सूर धरायची. तिला बाहेर हॉटेलात गायचं काम मिळालं. बापाने सांगितलं, हॉटेलात गायलीस तर क्रूसाकडे गायचं नाही आणि या घरातही यायचं नाही. ती गेली. त्याने कधी बेपत्ताची खबर दिली नाही, कोणाकडे चौकशी केली नाही, तिचं नाव घेऊ दिलं नाही. माझी मुलगी शोधा, हे त्याच्या तोंडातून जन्मात निघालं नसतं. चोर शोधा, एवढं तो म्हणू शकत होता. मीही हट्टी माणूस, म्हणून मला ते कळलं.

सूर चोरीचा गुन्हा आमच्याकडे दाखल होत नाही. पण अर्ज चौकशीला घेता येतो, तो मी घेतला. स्पीकरचं दोघांनी आपसात मिटवलं. आमच्या महिला हवालदारांनी गाणं काढणाऱ्या गोव्यातल्या स्टुडिओकडे निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी मुलीचाच फोन आला, आखातातून. मास्तराला मी आधीच सांगून ठेवलं होतं की मुलगी सज्ञान आहे, तिच्या मर्जीशिवाय पत्ता देणार नाही, बाप असलात तरी. तो म्हणाला, "पत्तो नको माका. बरा आसा काय, तेवडाच इचार."

मी तिला म्हटलं, तुमच्याविरुद्ध तुमच्या वडलांचा सूर चोरल्याचा अर्ज आहे. ती हसली. मग एवढंच विचारलं, "पप्पान व्हायोलिन काढल्यान?"

"काढल्यान."

"मगे क्रूसाकडे वाजव म्हणान सांगा. मी हयसून गातंय."

तिला सुट्टी नव्हती, करार संपायचा होता. मे महिन्यातल्या एका तिन्हीसांजेला क्रूसासमोर मेणबत्त्या लागल्या. मी साध्या कपड्यात फोन धरून उभा. मास्तराने पहिला सूर धरला. फोनमधून दुसरा आला, पण उशिरा. तिकडचा आवाज इकडे पोचेपर्यंत म्हातारा पुढे गेलेला. पहिल्या कडव्याला तो थांबला नाही, व्हायोलिनवर गज रेटत राहिला. माणसं कुजबुजली. दुसऱ्या कडव्याला त्याने गज हवेतच धरला. तिचा आवाज येऊन पोचेपर्यंत वाट पाहिली, आणि मग पुढे गेला. शेवटपर्यंत तसंच.

तक्रार लिहून घेताना माणूस काय बोलतो ते तर लिहावंच. पण कुठल्या शब्दाला तो अडतो, तिथे पोलिसाने कान द्यावा. मला हे त्या म्हाताऱ्याने शिकवलं.

लादीन संपल्यावर वाटतात ते उकडलेले चणे खात मी त्याला म्हटलं, आता अर्ज मागे घ्या, मी सही घेतो. त्याने मान हलवली.

"चेडू जबाब देवक येतला, तेव्हा बघू."

मी निवृत्त झालो तेव्हाही अर्ज तसाच होता. मुलीकडे माझा नंबर आहे. गावात पाय ठेवलास की आधी मला कळव, असं सांगून ठेवलंय. फोन अजून आलेला नाही.