आमच्या भित्र्या विभागप्रमुख

"खिडकी खुली है?"

मॅडमचा प्रत्येक तास या प्रश्नाने सुरू व्हायचा. नमस्कार नंतर, हजेरी त्याच्याही नंतर. पडद्यावर तीस-पस्तीस चौकोन उघडलेले असत. कुणी धमतरीला, कुणी कोरब्याला, कुणी इथेच रायपुरात कूलरसमोर बसलेलं. मॅडम चष्मा नीट करत आणि आधी तेवढंच विचारत. विद्यार्थी एका सुरात "हव मॅडम" म्हणत.

"दिखाओ," मॅडम म्हणत.

मग एकेकाला फोन फिरवून खिडकी दाखवावी लागे. त्या दिवशी प्रयोग नसला, नुसता अणूच्या रचनेचा धडा असला, तरीही.

मी त्या ऑनलाइन कॉलेजात क्लास चालवतो. शिकवत नाही; कुणाचा आवाज येत नाही, कुणाचं चित्र अडकलं, ते बघतो. कॉलेज म्हणजे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. शिकणारे सगळे आपापल्या घरी. दुकानात बसणारे, कारखान्यात जाणारे, लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या बायका. विज्ञान विभागाला दोन प्रमुख होते, जीवशास्त्राचे सर आणि रसायनशास्त्राच्या मॅडम. वेबसाइटवर टाकायला दोघांची ओळख लिहायचं काम माझ्याकडे आलं. सरांनी आपली ओळख स्वतःच लिहून पाठवली, ती दीड पान भरली. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "लिही, प्रयोग करताना डोळ्यावर चष्मा लावते. बस झालं."

"मॅडम, शिक्षण, अनुभव, असं काही?"

"ते वाचून कोणाचे डोळे वाचतीन का?"

मी हसलो आणि तेवढंच लिहून टाकलं. बाकीचं आज सांगतो.

भिणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. पण मॅडमइतकं पद्धतशीर भिणारं माणूस माझ्या पाहण्यात दुसरं नाही. साठीला आल्या होत्या, गुडघे दुखत, तरी लिफ्टमध्ये कधी पाय ठेवला नाही. लिंबू कापायच्या व्हिडिओतही प्रयोगशाळेतला मोठा चष्मा लावून बसत. घरी निघताना संगणकाचा प्लग काढत, जिन्यापर्यंत जात आणि परत येऊन बघत, काढला ना. घरी करायच्या प्रयोगांसाठी त्यांनी नियमांची एक यादी केली होती. ती दर वेळी मोठ्याने वाचून दाखवायची जबाबदारी माझी. आम्ही ऑफिसातले त्यांना पाठीमागे 'खतरा मॅडम' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

"खतरा म्हणता ना मले? म्हणा," एकदा त्या म्हणाल्या. "पण यादी अर्धी काहून वाचून राहिला? पुरी वाच."

त्यांचे वडील रेल्वेत होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. मॅडम रेल्वे क्वार्टरात वाढल्या. घरचं बोलणं मराठी, शिकवणं हिंदीत, आणि फारच घाबरल्या की दोन्हींची खिचडी.

त्या दुपारी हळदीचा प्रयोग होता. सोपा. कागदाला हळदीचं पाणी लावायचं, वाळवायचं, एका टोकाला लिंबाच्या रसाचा थेंब टाकायचा, दुसऱ्या टोकाला खायच्या सोड्याच्या पाण्याचा. सोड्याच्या थेंबाने पिवळा कागद लालसर होतो. मी यादी वाचली. फक्त लिंबू, हळद, खायचा सोडा. घरातली दुसरी कोणतीही वस्तू घ्यायची नाही. मग खिडक्या झाल्या.

सवितानेही फोन फिरवला. सविता गुढियारीची. लग्नाला दहा वर्षं झालेली, पुन्हा शिकायला बसलेली. तिचा फोन इतका भराभर फिरला की उजेडाचा एक तुकडा तेवढा दिसला. मॅडम क्षणभर थांबल्या. आधीच उशीर झाला होता. त्यांनी पुढे जाऊ दिलं.

थोड्या वेळाने सगळ्यांनी आपापले कागद कॅमेऱ्यासमोर धरले. पिवळ्यावर लाल डाग, पिवळ्यावर लाल डाग. सविताच्या कागदावरचा डाग मात्र पांढरा होता.

"मॅडम, मेरा तो रंग ही उड गया," ती म्हणाली. "रुकिए, फिर से करती हूँ."

मॅडम खुर्चीतून अर्धवट उठल्या. "सविता, सोडा ही लिया है ना?"

सविता दोन्ही वाट्या खालच्या बादलीत रिकाम्या करत होती. मग ती खोकली. पुन्हा खोकली. फोन हातातून सुटला आणि पडद्यावर निळी फरशी, नळ आणि लोखंडी दाराचा खालचा भाग दिसायला लागला.

मॅडमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तो पांढराफटक पडला होता. "ब्लीचिंग पावडर," त्या हळूच म्हणाल्या. "आणि बाथरूम धुवायचं ॲसिड. भाऊ, पोट्टी बाथरूममध्ये आहे."

मला तोवर काही कळलंच नव्हतं. त्यांनीच सांगितलं. या दोन गोष्टी एकत्र झाल्या की विषारी वायू निघतो, डोळे जाळतो, श्वास कोंडतो. बंद जागेत फार वेळ लागत नाही.

"बाकी सगळ्यांचे आवाज बंद कर. फॉर्म काढ, पत्ता सांग."

मी बंद केले. तिच्या प्रवेशाचा फॉर्म काढला. पत्त्याच्या जागी फक्त 'गुढियारी, रायपुर'. दुसरा नंबर तिच्या नवऱ्याचा, तो भनपुरीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. नंबर पुन्हा लावताना चुकीचा लागला.

लॅपटॉपमधून सविताचा आवाज आला. "मॅडम, आंखी जरत हे. कुंडी नइ खुलत हे."

डोळे जळतायत, कडी उघडत नाही. ती हिंदी विसरून घरच्या भाषेत आली होती.

मॅडम पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "सविता, मेरी आवाज सुनो. बैठना नहीं. गॅस नीचे बैठती है. खडी रहो. बादली को हाथ मत लगाना. नल खोलो, दुपट्टा भिगाओ, मुँह पर रखो. रखा?"

खोकला. मग, "हव."

"अब मग्गा उठाओ और दरवाजे पर मारो. मारते रहो." आणि मान न वळवता मला, "तू निघ. गाडी काढ. फोन कानाले लावून ठेव."

"कुठे जाऊ मॅडम? गुढियारी केवढी आहे."

त्यांनी हात वर केला. गप्प राहा. डोळे मिटून ऐकत होत्या. मलाही मग्ग्याचा ठणठणाट ऐकू येत होता, बाकी काही नाही.

"चक्की चालू आहे," त्या म्हणाल्या. "पिठाची. आणि मागं डब्बे जोडून राहिले. मालगाडीचे. रुळाच्या बाजूनं जा, चक्की शोध."

मी तीन मजले कसे उतरलो ते आठवत नाही. हेल्मेट वरच राहिलं. रेल्वे पुलाखाली नेहमीसारखी गर्दी होती, एक ट्रक आडवा, त्याच्यामागे ऑटोंची रांग. मी फुटपाथवरून गाडी घातली. कानात मॅडमचा आवाज चालू होता, पण तो माझ्यासाठी नव्हता. त्या सविताशी बोलत होत्या. मारो. फिर मारो. तुम्हारी बेटी का नाम क्या है? जोर से बोलो. फिर बोलो.

मुलीचं नाव पहिल्यांदा स्पष्ट आलं. दुसऱ्यांदा अर्धं. तिसऱ्यांदा मी ऐकलंच नाही, आणि मॅडमही गप्प झाल्या. त्या शांततेइतका मी आयुष्यात कशाला भ्यालो नाही.

"मॅडम?"

"ती मग्गा मारून राहिली. हळू मारून राहिली. तू पोचला का?"

पहिली चक्की बंद होती. दुसरी रुळांच्या कडेच्या गल्लीत सापडली. चक्कीवाला भुवयांपर्यंत पिठाने माखलेला. मी काय बोललो असेन देव जाणे, पण त्याने आधी यंत्र बंद केलं. एकदम सामसूम झाली आणि आम्हा दोघांना तो आवाज ऐकू आला. टण. मग बऱ्याच वेळाने, टण.

दोन घरं सोडून. अंगणात एक म्हातारी उडदाच्या पिठाच्या बड्या, म्हणजे सांडगे, घालत बसली होती. तिला ऐकू कमी येत होतं. सून आंघोळीला गेली आहे, एवढंच तिला माहीत होतं. घरातला क्लास सासूला पटत नव्हता, म्हणून सविता आंघोळीच्या नावाने फोन घेऊन आत जायची. स्वयंपाकघरातून लिंबू-सोडा नेला असता तर सासूने विचारलं असतं, म्हणून आत जे हाताशी होतं ते तिने घेतलं. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा फक्त लोखंडी दार होतं आणि आतून अडकलेली कडी. चक्कीवाल्याने पहार आणली. तिसऱ्या झटक्याला कडी निघाली.

दार उघडताच माझ्या घशात कुणी मिरची कोंबल्यासारखं झालं. सविता भिंतीला पाठ लावून उभी होती. उभीच होती. ओली ओढणी तोंडावर, डोळे मिटलेले, हातातला मग्गा अजून हलत होता.

ऑटोत घालून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. वाटेत तिला दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी डोळे धुतले, ऑक्सिजन लावला, आणि संध्याकाळी सांगितलं की वेळेत आणली. डोळे वाचले, खोकला काही दिवस राहील.

मॅडम आल्या तेव्हा प्रयोगाचा चष्मा कपाळावरच राहिला होता. बाकावर माझ्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "माझी पहिली नोकरी होती. प्रयोगशाळेत एक दादा होते, बाटल्या लावायचे. हिवाळा होता. मले थंडी वाजून राहिली म्हणून खिडक्या मीच लावल्या होत्या. त्यांच्या हातून ॲसिडची बाटली पडली, वाफ आतच कोंडली."

"मग?"

"जगले. दिसणं गेलं." त्यांनी चष्मा काढून पदरात गुंडाळला. "ते मले कधी काही बोलले नाही. पोट्ट्यांना सांगायचे, मॅडमले हात धरून रस्ता पार करून द्या, त्या भेतात."

इतकी वर्षं आम्ही ज्याला हसत होतो, ते हे होतं.

चार दिवसांनी संचालकांनी त्यांना बोलावलं. मी रेकॉर्डिंग घेऊन हजर होतो. संचालक माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्यांनी एक कागद तयार ठेवला होता. विद्यार्थिनीने लेखी सूचना मोडली, यादीबाहेरचे पदार्थ वापरले, विभागाची चूक नाही. मॅडमनी फक्त सही करायची.

"यादी तर वाचली होती ना?" संचालक म्हणाले.

"वाचली होती. तिनं फोन फिरवला, मले खिडकी दिसली नाही, आणि मी पुढं गेले. हे लिहा, मी सही करते."

"मॅडम, याचा अर्थ कळतो ना तुम्हाला? पद जाईल."

"भेव वाटते सर, काहून नाही वाटणार," मॅडम म्हणाल्या. "पण तिनं सूचना मोडली असं लिहिलं, तर ती पोट्टी पुन्हा पुस्तक उघडणार नाही. तिच्या घरचे उघडू देणार नाहीत."

पद गेलं. घरच्या प्रयोगांवर बंदी आली. विज्ञान विभागाच्या पानावर दुसऱ्या कुणाचा फोटो लागला. सत्र संपेपर्यंत मॅडम शिकवत राहिल्या, पण पहिल्या आठवड्यात त्यांना माइक सुरू करणं जमेना. पडद्यासमोर बसत, चौकोन उघडत, आणि बोट बटणावर तसंच राही. मी बाजूला उभा राहून म्हणायचो, मॅडम, मी आहे. मग बटण दाबलं जाई.

सविताचा चौकोन मात्र उघडत नव्हता. सासूने फोन कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. मॅडम सविताच्या घरी गेल्या. एकदा नाही, चारदा. पहिल्या वेळी सासूने पाणीही विचारलं नाही. काय बोलणं झालं ते मॅडमनी सांगितलं नाही. चौथ्या वेळी परत आल्या तेव्हा हातात बड्यांची पुडी होती. मला म्हणाल्या, "परीक्षा होईन. अंगणात घेऊ. म्हातारी म्हणते, जे करायचं ते माझ्या डोळ्यासमोर करा."

मॅडम आता रायपुरात नाहीत. सत्र संपलं तशी नोकरी सोडली आणि अभनपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. फोन केला की आधी मलाच विचारतात, गाडी हळू चालवतो ना. मी शेवटचं त्यांना काम करताना पाहिलं ते सविताच्या अंगणात.

प्रात्यक्षिक परीक्षेची संचालकांकडून खास परवानगी घेतली होती. सकाळची वेळ. अंगणात एक स्टूल, त्यावर दोन काचेच्या वाट्या, दोन्हींवर मॅडमच्या अक्षरात चिठ्ठ्या. सासू पाण्याची भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून शेजारी बसली होती. मॅडमनीच तिला ते काम दिलं होतं. चक्कीवाला कुंपणापाशी उभा होता. मोहल्ल्यातल्या सात-आठ बायका जमल्या होत्या. सविताने मोठा चष्मा लावला होता.

मॅडम तिच्यासमोर ताठ उभ्या होत्या, हात पाठीमागे बांधून. मी त्यांच्या मागे उभा होतो, म्हणून मला ते हात दिसत होते. एका हाताने दुसऱ्याचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती, आणि तरीही दोन्ही हात थरथरत होते.

सविताने ड्रॉपर उचलला. थेंब पडला. कागद लाल झाला.

"लाल होगे," सासू म्हणाली.

मॅडमची पकड सुटली नाही. आवाज मात्र रोजच्या तासासारखा आला, सावकाश, स्पष्ट.

"ठीक. अब बताओ, ऐसा क्यों हुआ?"