देवकाते परिवाराच्या दुःखात

बापूसाहेब मदने बारामतीच्या एमआयडीसीत एका दूध डेअरीत फॅट तपासायच्या टेबलावर कामाला होते. त्या कामात बोलायची गरज नसे. काचेच्या नळीत दूध घ्यायचं, त्यात ॲसिड घालायचं, यंत्रात फिरवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. आठवडाभर न बोललेलं सगळं ते सुट्टीच्या दिवशी माइकवर बोलून घेत. कोऱ्हाळ्यापासून निमगाव केतकीपर्यंत लग्न असो की दहावा, निवेदनाला त्यांनाच बोलावणं यायचं. मोबदला म्हणजे एक टोपी आणि एक नारळ. घरात टोप्यांचा ढीग झाला होता.

दोन्हीकडं काम तसं एकच. आलेल्या पाहुण्यांची नावं मानाप्रमाणे पुकारायची. सोसायटीचे चेअरमन, बाजार समितीचे सदस्य, गावोगावचे सरपंच, नंतर व्याही-भाऊबंद. एखादं नाव राहिलं तर तो माणूस जेवणाच्या पंगतीतून उठून जातो आणि तीन वर्षं बोलत नाही. बापूसाहेबांकडून वीस वर्षांत एकही नाव राहिलं नव्हतं. घाईत चिठ्ठीवर खरडलेलं नावही ते अशा थाटात घ्यायचे की त्या माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटावं.

वाक्यंही एकाच साच्यातली होती. लग्नात ‘अमुक परिवाराच्या आनंदात सहभागी होण्यासाठी आवर्जून उपस्थित असलेले’, दहाव्याला ‘अमुक परिवाराच्या दुःखात सहभागी होण्यासाठी उपस्थित असलेले’. एका शब्दाचा फरक. पुढची नावं बहुतेक तीच आणि माणसंही तीच, त्याच पांढऱ्या कपड्यांत.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात एका रविवारी त्यांनी दोन्ही कामं घेतली. सकाळी कोऱ्हाळे बुद्रुकला दहावा होता. कावळा लवकर शिवेना, म्हणून श्रद्धांजलीची भाषणं लांबत गेली आणि बापूसाहेबांनी दोन तासांत चाळीस वेळा ‘दुःखात’ म्हटलं. तिथून आपली एम-एटी गाडी दामटत ते बारामतीला घरी आले, डोक्यावरून आंघोळ केली, सदरा बदलला आणि बारा वाजता निमगाव केतकीच्या मांडवात पोचले. आंघोळ झाली होती, कपडे बदलले होते. जीभ तेवढी सकाळचीच राहिली होती.

नवरदेव नागेश देवकाते. नवरी स्वप्नाली, भिगवणकडच्या शेंड्यांची. बारा पस्तीसचा मुहूर्त नेहमीप्रमाणे एकवर गेला. अंतरपाट धरायला मंडळी उभी राहिली तेव्हा बापूसाहेबांनी शेवटचे पाहुणे पुकारायला घेतले. पहिलं नाव बाजार समितीच्या त्याच सदस्यांचं आलं, ज्यांचं सकाळीही पहिलं घेतलं होतं.

“देवकाते परिवाराच्या दुःखात सहभागी होण्यासाठी...”

 मग उजवीकडून हसू फुटलं. ती सकाळी कोऱ्हाळ्याला असलेली मंडळी होती. त्यांना चूक कुठून आली तेही दिसत होतं, म्हणून त्यांना आधी हसू आलं. बाकीचे मागून सामील झाले.

अशा वेळी काय करायचं याचा बापूसाहेबांचा स्वतःचाच नियम होता. थांबायचं नाही, पुढचं नाव घ्यायचं. लोकांच्या कानावरून शब्द जातात, आपण थांबलो की ते मागं वळून बघतात. हे त्यांनी कितीतरी नव्या निवेदकांना शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांनीच ते मोडलं. दुसरा तसला शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून सगळं लक्ष जिभेवर ठेवून ते म्हणाले, “क्षमा असावी. आनंदात सहभागी होण्यासाठी आलेल्या सर्वांच्या वतीने वधूवरांना भावपूर्ण...”

आणि थांबले. ‘भावपूर्ण’नंतर काय येतं ते मांडवातल्या दोन हजार माणसांना पाठ होतं. ते त्यांना म्हणावंही लागलं नाही. मागच्या बाजूला कुणीतरी पोरानं ते पुरं केलं आणि मग हसणं आवरेना. वाढप्यांनी बादल्या खाली ठेवल्या. भटजी पंचांग तोंडापुढं धरून हसत होते.

एकच माणूस हसत नव्हता. नवरदेवाचे थोरले चुलते, घरातले कर्ते, मोहनराव. बापूसाहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि मग अंतरपाटापलीकडं नवरीकडं. तिची मान खाली होती, मुंडावळ्यांनी तोंड झाकलं होतं आणि खांदे हलत होते. ती रडते की हसते ते कळेना. तिथं त्यांच्या मनात आलं, उद्या या घरात काही झालं तरी लोकांना हा शब्द आठवणार, आणि ज्या दिवशी शब्द आला त्याच दिवशी ही पोरगी आली हेही आठवणार. शब्द बोलणारा बारामतीला निघून जाईल. राहायचं तिला.

जेवणं झाल्यावर मोहनरावांनी त्यांना मांडवाच्या खांबाशी गाठलं.

“मदने, दहाव्यावरनं सरळ हितं आलात व्हय?”

“आंघोळ करून आलो, मोहनराव.”

“तोंड धुवायचं राहिलं.”

नवरदेवाची आत्या साखरबाई तिथंच पत्रावळ्या मोजत होती. ती म्हणाली, “मोहन, उगं कशाला त्येला बोलतूस? घरात सून येतीया. सासूचं दुःखच हाय की त्ये. खरं बोलला त्यो.”

आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मोहनराव तसेच निघून गेले.

त्यानंतर बापूसाहेबांनी लग्नं घेणं बंद केलं. दहावे घेत राहिले. तिथं चुकून ‘आनंदात’ म्हणालो तर काय, हा विचारही येऊन गेला. पण त्या घरातलं माणूस आधीच गेलेलं असतं, नव्यानं कुणावर बालंट यायचं नसतं.

डेअरीत निमगावाकडचं दूध आणायला इमामचा टेम्पो असे. इमाम मुलाणी देवकात्यांच्या दारावरूनच यायचा. त्याचे कॅन उतरेपर्यंत बापूसाहेब टेबल सोडून बाहेर यायचे.

“काय रं, देवकात्यांकडं समदं ठीक?”

“ठीक हाय. म्हशीचं पारडू गेलं परवा.”

“मग?”

“मग काय. मोहनराव म्हणलं, मदन्यानं मांडवातच सांगितलं हुतं.”

“आन् पोरीला कोण काय बोललं?”

“मी दारात दूध मोजून घेतो, बापू. चुलीम्होरं काय चालतंय ते मला काय ठावं?”

श्रावणात विहिरीवरची मोटर जळाली. इमामनं तेच वाक्य आणलं. गणपतीत कडब्याची गंज भिजली, पुन्हा तेच. बापूसाहेब आकडे लिहिताना दोनदा चुकले आणि साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. नवरात्रात इमामनं टेम्पोतून उतरायच्या आधीच सांगितलं, “नागेश मोटरसायकलवरनं पडला, बापू. हात मोडलाय.”  बापूसाहेबांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि निमगावची गाडी धरली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पोरीचा दोष नाही, चूक माझ्या जिभेची, एवढं मोहनरावांना तोंडावर सांगायचं होतं.

ओसरीवर नागेश हात गळ्यात बांधून बसला होता. मोहनराव बाजेवर होते. त्यांनी ‘या’ म्हटलं. बापूसाहेबांनी घसा साफ केला. माइकवर दोन हजारांपुढं बोलणाऱ्या माणसाला दोन माणसांपुढं वाक्य सापडेना.

तेवढ्यात स्वप्नाली चहा घेऊन आली. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं कप त्यांच्यापुढं धरला आणि सरळ चेहऱ्यानं म्हणाली, “काका, दुःखात सहभागी व्हायला आलाव का?”

नागेश खिदळला आणि हात दुखला म्हणून कळवळला. मोहनराव मिशीत हसले. 

“हिचं असंच चालतंय,” मोहनराव म्हणाले. “दूध उतू गेलं तरी म्हणती, मदन्यानं मांडवातच सांगितलं हुतं. शेरडू खुट्याचं सुटलं तरी म्हणती. आता शेजारच्या आळीतबी म्हणायला लागलेत.”

“पयल्यांदा तुमीच म्हणला हुता, आबा,” ती म्हणाली. “पारडू गेलं तवा. मी आत भाकरी थापत हुते. दोन दिस मला जेवान गेलं न्हाय. मोटर जळाली तवा मनात म्हणलं, आता ह्ये म्हणणारच. मग तुमी तोंड उघडायच्या आत मीच म्हणलं. समदी हसली. तवापास्नं मीच म्हणते.”

मोहनरावांनी उगाच बाजेची नवार चाचपली.

“मांडवात तू रडत होतीस का गं?” बापूसाहेबांनी विचारलं. पाच महिने हाच प्रश्न त्यांच्याजवळ होता.

“रडतीय कशाला! हसू दाबून दाबून बरगड्या दुखल्या. आईनं मागनं चिमटा घेतला त्यो आठ दिस निळा हुता.”

जे सांगायला आले होते ते सांगायचं राहूनच गेलं. उठताना मोहनराव म्हणाले, “नागेशच्या धाकट्या भावाचं लगीन डिसेंबरात हाय. माइकवर तुमीच या.”

“येतो. पण त्या दिवशी दहावा घ्यायचा न्हाय.”

डिसेंबरात त्याच मैदानात मांडव पडला. बापूसाहेब आदल्या रात्री मुक्कामाला आले होते आणि सकाळपासून कोणाशी फारसं बोलले नव्हते. शेवटचे पाहुणे पुकारायची वेळ आली. “देवकाते परिवाराच्या...” एवढं म्हणून त्यांनी श्वास घेतला. बायकांचं बोलणं थांबलं. वाढपी बादल्या धरून उभे राहिले. करवल्यांच्या मागं स्वप्नाली माइककडं डोळे लावून उभी होती.

“...आनंदात सहभागी होण्यासाठी आवर्जून उपस्थित असलेले...”

मांडवात जराशी चुळबुळ झाली आणि लोक पुन्हा आपापल्या बोलण्याला लागले. पुढच्याच रांगेत साखरबाई बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, “चुकला न्हाय की गं,” आणि पान लावायला घेतलं.