चार बोटं सोडा

तिला खरं नाव होतं, पण ते दवाखान्याच्या कार्डावर. बाकी सगळीकडे ती उसवबाई. कुणाच्या घरी गेली की पिशवीतून आधी कात्री निघत नसे, सुई निघत नसे. निघायचं ते अर्ध्यावर दोरा गुंडाळलेलं जुनं ब्लेड. "आधी उसवू द्या, मग बोलू," म्हणायची आणि दुसऱ्याने घातलेली टीप अशी सरसर सोडवायची, की बघणाऱ्याला वाटावं, हा कपडा कधी शिवलेलाच नव्हता.

बावीस वर्षं तिने लोकांच्या घरी जाऊन कपडे अल्टर केले. लांब पँट आखूड करायची, आखूड फ्रॉकला खाली पट्टी लावायची, जाड झालेल्या माणसाची कंबर त्याला न दुखावता सैल करायची. यातलं हे शेवटचं काम सगळ्यात नाजूक. "कापड आटलंय हो," ती म्हणायची, आणि समोरचा माणूस इतक्या समाधानाने श्वास सोडायचा, की माप पुन्हा घ्यावं लागे. खोटं बोलल्याबद्दल संध्याकाळी ती देवाला हात जोडायची. देवालाही ते पाठ झालं असणार.

ठरलेलं काम संपलं, की दारात निरोप घेताना एक वाक्य हमखास यायचं. "बाई, आलाच आहात तर एवढी चेन बघता का?" चेन बघून होईतो उशीचा उसवलेला अभ्रा यायचा, त्याच्या मागून कुणाचं तरी दप्तर. त्या 'आलाच आहात तर'चे पैसे मागायला तिची जीभ कधी रेटली नाही.

तिच्या सूनबाईने एकदा मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आई, तुमच्या कामाला फ्रीलान्स म्हणतात."

"त्यातलं 'फ्री' तर मला कधीच कळलंय," उसवबाई म्हणाली. "उरलेलं काय असतं?"

मग गुडघ्याने असहकार पुकारला. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाकडे धरला, मान हलवली आणि सांगितलं, "जिने बंद." आता तिची सगळी गिऱ्हाइकं तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर. तळमजल्यावरच्या माणसांना कपडे अल्टर करायची गरज पडत नाही की काय, देव जाणे. ती घरी आली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही लोकांकडे जाऊच नका. लोकांना तुमच्याकडे येऊ द्या. मोबाईलवर. तुम्ही शिवण शिकवा, मी व्हिडिओ काढते. आपला स्वतःचा ऑनलाइन वर्ग."

नवरा वर्तमानपत्रामागून बोलला. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा आणि घरात मोजकंच बोलायचा. "मोबाईलवर माप कसं घेणार? फोन कमरेला गुंडाळून?"

"तुम्ही पेपर वाचा हो," दोघी एकदम म्हणाल्या. सासू-सुनेचं इतकं एकमत त्या घरात पहिल्यांदाच झालं, आणि तिथेच ठरलं.

उसवबाईचा स्वभाव अर्धवट कामाचा नव्हता. ती शेवटचं म्हणून दहा घरचे जिने चढली आणि प्रत्येकीला सांगून आली, "आता मी येणार नाही. दुसरं कुणी बघा." कुणाचाच विश्वास बसला नाही. एकीने तर डोळे पुसले, पाणी दिलं आणि म्हणाली, "जाता जाता एवढी चेन…" पण आठवडाभरात कोपऱ्यावरच्या नव्या शिलाईवाल्याकडे सगळी दहा घरं गेली. मागचं दार असं बंद झालं. आता वर्ग चालला तर चालला. नाहीतर गुडघा हातात घेऊन नवी घरं शोधायची, तीही चौथ्या मजल्यावरची.

पहिला धडा रात्री घालायच्या पायजम्याचा ठरला. सरळ कापड, सरळ शिवण. सूनबाईने धान्याच्या डब्यावर स्टूल, स्टुलावर दोन जाड पुस्तकं आणि त्यांना टेकून फोन उभा केला. पंखा बंद. नवऱ्याला खोकायची मनाई. उसवबाईने इस्त्रीची साडी नेसून देवाचं नाव घेतलं. ते घेता घेता चार मिनिटं झाली.

"आई, थोडं कमी करू या?"

"काय कमी करू? देव की पायजमा?"

शेवटी नमस्कार तेवढा राहिला. पण एकदा कापड समोर पसरलं आणि खडू हातात आला, तशी बाईची कळी खुलली. उंची आणि कंबर तेवढी तिने टेपने घेतली. पुढचं सगळं बोटांनी. तिच्या मावशीने तिला असंच शिकवलं होतं, कारण मावशीच्या घरी टेप कधी जागेवर सापडत नसे. "हा वरचा भाग, यातून नाडी ओवायची, याला म्हणायचं नेफा. नेफ्याला वर चार बोटं सोडा. दोन्ही बाजूंना सैलपणाला चार चार बोटं. खाली दुमडायला चार बोटं. आणि टीप कडेपासून नखभर आत. झालं! यात काय आहे?"

कोपऱ्यात खोकला दाबून लाल झालेल्या नवऱ्यानेसुद्धा मान डोलावली.

सत्तावीस जण वर्गात आले. सत्तावीस! तिच्यावर आयुष्यात एका वेळी इतक्या लोकांशी बोलायचा प्रसंग आला नव्हता, आणि आता ते सगळे तिला 'मॅडम' म्हणत होते. सूनबाईने वर्गाच्या ग्रुपवर एक अटही टाकून ठेवली होती, वर्ग आवडला नाही तर आठ दिवसांत नाव काढून घ्या, फी परत. "कोण काढतंय!" उसवबाई म्हणाली.

पाचव्या दिवसापासून पायजम्यांचे फोटो यायला लागले.

पहिल्या फोटोत एक लहानखुरी मुलगी होती, जिची बोटं पेन्सिलीसारखी बारीक. तिचा पायजमा मांडीपाशी अडकून पुढे जायला तयार नव्हता. दुसऱ्या फोटोत व्यायामशाळेतल्या एक बाई. त्यांचा पंजा म्हणजे फळी. त्यांच्या पायजम्यात वारा भरून त्या उडतील की काय असं वाटत होतं. एकीने फोटोच टाकला नव्हता. नुसतं लिहिलं होतं, 'मिस्टर बोलत नाहीत.' आणि शेवटचा फोटो गणिताच्या निवृत्त मास्तरांचा. मास्तर एकटे राहायचे, वेळ जावा म्हणून शिवण शिकत होते. त्यांचा नेफा छातीपर्यंत आला होता आणि नाडी त्यांनी काखेखाली बांधली होती. पायजम्याच्या एका पायात ते स्वतः मावून शेजारी खुर्चीलाही जागा उरली असती. मास्तर मात्र फोटोत गंभीर होते. उत्तर चुकलंय, पण रीत बरोबर आहे, असा चेहरा.

सूनबाईने तोंडात बोट घातलं. मग हसू आवरेना म्हणून स्वयंपाकघरात पळाली.

उसवबाईला हसू आलं नाही. "यांचा हातच शिवणाचा नाही," ती म्हणाली. "सोपं सांगितलं, तेही जमत नाही."

"सत्तावीस जणांचा हात वाईट?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही पेपर वाचा."

या वेळी तसं म्हणणारी ती एकटीच होती.

संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी 'आम्ही वर्ग सोडतोय' असं कळवलं. बाकीचे कुजबुजत होते. ग्रुपवर कुजबूज सगळ्यांना ऐकू येते हे त्यांना माहीत नसावं. उसवबाई उठली आणि खुंटीवरची पिशवी काढून तिच्यावरची धूळ झटकायला लागली. अगदी मन लावून झटकत होती. सूनबाईने दारातून ते पाहिलं आणि तिचं हसू विरलं.

"आई, पिशवी कशाला?"

"बघते. नव्या इमारती झाल्यात पलीकडे."

"त्या सात मजली आहेत."

"लिफ्ट असेल."

"आणि बंद पडली तर?"

उसवबाईने पिशवी खाली ठेवली. तिने डोळे मिटले. मागायचं काय, तेच तिला सुचेना. एरवी खोट्याची माफी मागायची सवय. पण आज तर ती एक अक्षर खोटं बोलली नव्हती. चारच बोटं म्हणाली होती, चारच होती. मग बिघडलं कुठे? देवा, तेवढं दाखव, म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. देव काही स्वतः फोन करत नाही, पण मास्तरांचा फोन त्याच वेळी यावा याला काय म्हणायचं?

"मॅडम, एक शंका होती," मास्तर म्हणाले. "बोट आडवं धरायचं की उभं?"

"म्हणजे?"

"आपण चार बोटं सोडा म्हणालात. मी तर्जनी उभी ठेवून चार वेळा मोजलं."

उसवबाईने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. उभ्या. मग मनातल्या मनात ते चार वेळा कापडावर ठेवून पाहिलं. काखेतली नाडी आता कुठे तिच्या लक्षात आली.

"अहो मास्तर, आडवी! आडवी चार बोटं! शेजारी शेजारी!"

"तसं धड्यात कुठे आहे?"

"सगळ्यांना माहीत असतं!"

"मला नव्हतं," मास्तर शांतपणे म्हणाले. "बरं, आडवी धरली. आता कुणाची?"

"कुणाची म्हणजे? आपापली."

"व्यायामशाळेतल्या बाईंची चार आणि त्या लहान मुलीची चार, यात मी फोटोवरून अंदाज केला, जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. आपलं एक बोट किती आहे?"

"माझं बोट माझ्याएवढं आहे!"

"मग ते सगळ्यांना पाठवा," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

तिने पंजा उलटापालटा करून पाहिला. बावीस वर्षं या बोटांनी मापलं, एक कपडा चुकला नाही. चुकणार कसा? मापणारी तीच, कापणारी तीच, शिवणारी तीच. बोटं तिच्याबरोबर घरोघर जायची. आता पहिल्यांदाच ती घरी राहिली होती आणि तिचे शब्द तेवढे बोटांशिवाय बाहेर गेले होते. देव माणसाला बोटं देतो, पट्टी देत नाही. ती ज्याची त्याने करून घ्यायची.

"अहो," तिने हाक मारली, "पेपर ठेवा."

नवऱ्याने पेपर ठेवला. तिने टेबलावर कोरा कागद पसरला, त्यावर डावा पंजा ठेवला. "काढा."

तो नकाशेवाला माणूस. पेन्सिलीला टोक करून त्याने तिच्या पंजाभोवती रेघ ओढायला घेतली. शिवणाने जाड झालेली पेरं, करंगळीचा बाक, यातलं काही सोडलं नाही.

"गुदगुल्या होतात."

"हलू नकोस, नाहीतर सत्तावीस जणांच्या चड्ड्या पुन्हा बिघडतील."

मग त्याने जाड पुठ्ठ्याची पट्टी आखली. एका टोकाला नखभर, मग एक बोट, दोन बोटं, चार बोटं, शेवटी वीत. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'आडवी' असं लिहिलं, मास्तरांसाठी. सूनबाई तशा सत्तावीस पट्ट्या छापून आणायला धावली. "सोडून जाणाऱ्या अकरा जणांच्यासुद्धा?" तिने विचारलं. "त्यांच्या आधी," उसवबाई म्हणाली. "त्यांचा पायजमा मी बिघडवलाय."

आठव्या दिवशी, नावं काढायचा शेवटचा दिवस होता तेव्हा, तिने सगळ्यांना लाइव्ह बोलावलं. पट्ट्या पोचल्या होत्या. साडी या वेळी रोजचीच होती, आणि समोर कापडाऐवजी मास्तरांचा पायजमा. तिनेच तो मागवून घेतला होता. घरभर पसरला तरी उरला होता.

"नमस्कार," ती म्हणाली. "चूक माझी आहे. तुमचा हात चांगला आहे, माझं बोट आडवं आलं."

कुणीतरी हसलं. मग तिने पिशवीतून ब्लेड काढलं.

"आता आधी उसवू या."

आणि मग पुढचा तास कुणाला हलवेना. टीप न फाटता कशी सोडवायची, तंग झालेल्या पायजम्यात बाजूने पट्टी कशी घालायची, ढगळ असेल तर जादा कापड कसं आत घ्यायचं, मिस्टर बोलत नसतील तर खिसा कसा लावायचा म्हणजे बोलतील. हे ती शिकवत नव्हती. हे ती बावीस वर्षं करत आली होती, फक्त आज मोठ्याने. मास्तरांच्या पायजम्यातून मास्तरांचा एक पायजमा निघाला, आणि उरल्या कापडातून त्यांच्या खुर्चीला बसायची गादी झाली.

त्या संध्याकाळी अकरापैकी दहा जण परत आले. अकरावीने लिहिलं, 'मिस्टर बोलायला लागले. सध्या थोडी शांतता हवी आहे.'

सूनबाईने मग वर्गाचं नावच बदललं. नवा पायजमा कसा शिवायचा ते सांगणारे पुष्कळ असतात. बिघडलेला कसा सावरायचा ते सांगणारं कुणी नसतं. बिघडलेले कपडे तर घरोघरी. 'उसवबाईंचा वर्ग' असं नाव पडलं आणि पट्टीसकट पुढचा वर्ग भरला. मग त्याच्या पुढचाही. पट्ट्या आखता आखता नवऱ्याचा पेपर शिळा व्हायला लागला. मास्तरांनी एक पट्टी परत पाठवली, 'वीत केसभर कमी आहे' अशा टिपणासह. ती उसवबाईने मापून पाहिली. खरंच कमी होती.

पिशवी परत खुंटीवर गेली. ब्लेड मात्र टेबलावर असतं, फोनच्या शेजारी.

परवा धडा संपला, उसवबाईने नमस्कार केला, सूनबाईने फोन बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात पडद्यावरून आवाज आला. कोपऱ्यावरच्या त्या नव्या शिलाईवाल्याकडे गेलेलं जुनं गिऱ्हाईक होतं, चौथ्या मजल्यावरचं.

"बाई, आलाच आहात तर एवढी चेन बघता का?"

उसवबाई नुसती हसली. मान डोलावली. तिचा हात सवयीने ब्लेडकडे गेलाही होता.

"चेनचा धडा वेगळा आहे, ताई," ती म्हणाली. "शनिवारी. नाव आणि फी सूनबाईकडे द्या."

आणि देवाशपथ, तिची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.