पेशंटसोबत कोण आहे?

आमच्या घराण्यात दवाखान्यात एकट्याने जायची पद्धत नाही. दात काढायचा असला तरी दोन माणसं सोबत जातात, अक्कलदाढ असेल तर गाडी करून जातात. दिंडोरीकडच्या आमच्या गावातून कोणी नाशिकला डॉक्टरकडे निघालं की आधी मला फोन येतो. कारण नाशिकमध्ये राहणारा, कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करणारा आणि 'त्याला रजा मिळते' अशी ख्याती असलेला मी एकटाच आहे. ही ख्याती कोणी पसरवली ते मला अजून कळलेलं नाही.

चुलत्याचा मोतीबिंदू, आत्याचा गुडघा, चुलत वहिनीची दोन्ही बाळंतपणं, सगळीकडे बाहेरच्या खुर्चीत मी होतो. शहरातल्या कुठल्या हॉस्पिटलात मोबाइल चार्ज करायचा पॉइंट चालू आहे आणि कुठल्या कँटीनचा चहा पिऊ नये, हे मला विचारावं. नर्सने दार उघडून "पेशंटसोबत कोण आहे?" असं विचारलं की माझा हात आपोआप वर जातो. एकदा तो एका अनोळखी म्हातारीसाठी वर गेला. तिचं इंजेक्शन मेडिकलमधून आणून दिल्यावर माझ्या लक्षात आलं की ही आपली आत्या नाही.

सोबतच्या माणसाचे काही नियम असतात. पेशंट उपाशी असला की त्यानेही उपाशी राहायचं. तशी सक्ती कोणी करत नाही, पण आतल्या माणसाच्या पोटात काही नसताना बाहेर वडापाव खाणं बरं दिसत नाही. झोपायला हरकत नाही, पण नाव पुकारलं तर जाग येईल इतपतच. आणि सगळं आटोपलं की गावी नानांना फोन करून डॉक्टर काय म्हणाले ते सांगायचं. नाना म्हणजे माझ्या वडिलांच्या पाठचे भाऊ. त्यांची द्राक्षबाग आहे, आणि फवारणी चालू असली तरी ट्रॅक्टर बंद करून ते फोन उचलतात. "काय म्हनला डॉक्टर?" एवढंच विचारतात. मी सांगतो, ते ऐकतात आणि "करून टाका" किंवा "दुसऱ्याला दाखव" यांतलं एक काहीतरी म्हणतात. ऑपरेशनचा निर्णय आमच्याकडे असा होतो. त्यात पेशंटला कोणी फारसं जमेस धरत नाही.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. शेवटचं वर्षभर त्यांचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून दोनदा. ते आत, मी बाहेर. आम्ही दोघंही एकमेकांशी फार बोलणारे नव्हतो. मी त्यांना गावाहून आणायचो, तेव्हा गाडीत ते खिडकीतून लोकांच्या बागा बघायचे आणि कोणाची छाटणी चुकली आहे ते सांगायचे. मी "हं" म्हणायचो. डायलिसिस झालं की त्यांना व्हीलचेअरवर बाहेर आणत. चेहरा पार उतरलेला असायचा. पण मला बघितलं की ते पहिल्यांदा विचारायचे, "खाल्लं का काही?" मी हो म्हणायचो. ते खोटं आहे हे त्यांना माहीत असायचं. मग ते कँटीनकडे बोट दाखवायचे, आणि मी इडली खाऊन येईपर्यंत तिथून हलायला तयार व्हायचे नाहीत. व्हीलचेअर ढकलणारा पोरगा वैतागून जायचा.

मागचा पावसाळा सरता सरता आबा गेले. दहावा, तेरावा सगळं रीतसर झालं. मी रडलो नाही. आलेल्या माणसांच्या गाड्या, जेवणं, झोपायची सोय हे सगळं मीच बघत होतो आणि त्या गडबडीत ते राहून गेलं.

त्यानंतर माझी झोप गेली. घरी पलंगावर पडलं की डोळ्याला डोळा लागेना. बायकोने जायफळ घातलेलं दूध दिलं, तळपायाला तेल चोळलं. मेव्हण्याने मला त्याच्या पहाटे फिरायला जाणाऱ्या मंडळात भरती केलं, त्यामुळे मी न झोपलेला होतोच, तो आता दमलेलाही झालो. फॅमिली डॉक्टरांच्या गोळीने रात्री झोप येईना आणि दुपारी कॉलेजात येऊ लागली.

मग एका शनिवारी, का ते सांगता येत नाही, मी आबांच्या त्या हॉस्पिटलात गेलो. आमचं कोणीही तिथे ॲडमिट नव्हतं. तळमजल्यावरच्या स्टीलच्या खुर्चीत बसलो आणि भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलो. उठलो तेव्हा मान अवघडली होती आणि मन हलकं होतं. पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. मग बुधवारीही जाऊ लागलो. वॉचमन ओळखीचा होता, त्याने काही विचारलं नाही. त्याला वाटत असावं की आमच्या घरात माणसं फार.

हे बाहेर फुटलं ते चुलतभावामुळे. तो सासऱ्यांचे रिपोर्ट घ्यायला तिथे आला आणि त्याने मला घोरताना बघितलं. मला न उठवता तो परत गेला आणि गावात जाऊन सांगितलं. संध्याकाळी माझ्या दारात जीप उभी. नाना, काकू, चुलतभाऊ आणि भाकरीचा डबा.

"खरं सांग," नाना म्हणाले, "सूनबाईला हाय का तुला?"

"कोणालाच काही नाही."

"मंग दवाखान्यात काय करत व्हता?"

"झोपायला गेलो होतो."

काकूंनी डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. एखादा चांगला नाव असलेला आजार निघाला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

तरीही मी काही केलं नसतं. पण पुढच्याच आठवड्यात बायकोला मागे बसवून स्कूटरवरून येताना सीबीएस स्टँडजवळच्या सिग्नलला मला डुलकी लागली. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि माझं डोकं हँडलवर टेकलेलं. बायकोने पाठीत गुद्दा घातला. घरी आल्यावर हेल्मेट टेबलावर ठेवत म्हणाली, "अहो, आबा गेले. आता तुम्हीपण जाणार आहात का?" ती रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती घाबरली होती. त्यामुळे मीही घाबरलो.

कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम आहेत. त्यांनी गंगापूर रोडवरच्या एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. मी फोन केला. बाई म्हणाल्या, मंगळवारी बारा वाजता या, एकटेच या.

"सोबत कोणी नको?"

"नको. इंडिव्हिज्युअल थेरपी आहे ना. एकटेच या."

हे घरी सांगितल्यावर जे झालं ते आबांच्या आजारपणातही झालं नव्हतं. बायकोला वाटलं, एकट्यालाच बोलावतात म्हणजे तिच्याबद्दल बोलायचं असणार. मेव्हण्याने सांगितलं की माणूस आपल्या माणसांशी मोकळेपणाने बोलला तर बाहेर जायची वेळ येत नाही, आणि त्याचं हे बोलणं संपेपर्यंत त्याने मला बोलू दिलं नाही. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, मी खाली गाडीत बसतो, वर येत नाही." नानांची अडचण सगळ्यांत खरी होती. "सोबत कोनी नसलं तर डॉक्टर काय म्हनला ते आपल्याला कळनार कसं?"

मलाही हे आपल्यासाठी आहे की नाही याची खात्री नव्हती. सोनोग्राफीत दिसत नाही, रक्तात सापडत नाही, नुसतं बोलायचं, आणि तेही स्वतःबद्दल. मला दुसऱ्याबद्दल कितीही वेळ बोलता येतं. आत्याच्या गुडघ्याबद्दल मी डॉक्टरांपेक्षा चांगलं सांगतो. पण माझ्याबद्दल सांगण्यासारखं काय होतं? बाहेर बसलो होतो, एवढंच.

मंगळवारी गेलो. एका साडीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांची जागा. बाहेर लहानशी खोली, चार खुर्च्या, एक मुलगी टेबलापाशी.

"पेशंट?" तिने विचारलं.

"येताहेत," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो? सवय, दुसरं काही नाही. एकदा म्हटल्यावर मागे घेता येईना. मी कोपऱ्यातली खुर्ची बघून बसलो, भिंतीला डोकं टेकलं आणि झोपलो. मुलीने उठवलं तेव्हा एक वाजून गेला होता. ती म्हणाली, "मॅडम मघाशी बाहेर येऊन गेल्या. म्हणाल्या, झोपू दे त्यांना. पुढच्या मंगळवारी याच वेळेला या."

घरी सगळे वाट बघत होते. "कसं झालं?" बायकोने विचारलं. मी म्हणालो, बरं वाटलं. ते खरंच होतं. नानांना फोनवर सांगितलं की बाई अजून काही म्हणाल्या नाहीत. "पयल्या खेपेला म्हनत नाय," नाना म्हणाले. त्यांना अनुभव होता.

तो आठवडाभर मी एका प्रश्नाने हैराण होतो. बाहेरच्या खुर्चीत झोप येत असेल तर आत जायचं कशाला? आठवड्यातून एकदा साडीच्या दुकानावर झोपावं, बाकी दिवस निभावून न्यावेत. हिशेब वाईट नव्हता. पण रविवारी आम्हाला भाजीला जायचं होतं. मी स्कूटर काढली, आणि बायको म्हणाली, "मी रिक्षाने येते." कारण तिने दिलं नाही, मीही विचारलं नाही. ती रिक्षातून पुढे गेली आणि मी रिकाम्या सीटसकट तिच्या मागे मागे मंडईपर्यंत गेलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या मागे बसायची भीती तिला कधी वाटली नव्हती. मला इतकं वाईट आबा गेले तेव्हाही वाटलं नव्हतं, किंवा वाटलं असेल तर मला कळलं नव्हतं.

मंगळवारी मुलीने "पेशंट?" म्हणून विचारलं नाही, दाराकडे हात केला. मी आत गेलो. दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. सोबतच्या माणसाने बसायची खुर्ची कुठली ते मी आधी पाहिलं. ती नव्हती.

बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी काय होतंय ते विचारलं आणि मी आबांची सगळी केस सांगितली. क्रिएटिनिन किती होतं, डायलिसिसची सुई टोचायला हाताला फिस्टुला कधी केला, सूज कशी वाढत गेली. नीट, तारीखवार, नेहमीसारखं. त्यांनी मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "आणि तुम्ही?"

"मी बाहेर होतो."

"बाहेर काय करायचात?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, यात सांगण्यासारखं काही नाही, दोन मिनिटांत संपेल. मी खुर्च्यांचं सांगितलं. दार उघडलं की दर वेळी छातीत कसं धस्स व्हायचं ते सांगितलं. मग आबांना बाहेर आणायचे, इथपर्यंत आलो. ते काय विचारायचे ते सांगायला गेलो, ते राहिलंच. मी रडलो. चांगला आवाज करून रडलो, खाली साडीच्या दुकानात ऐकू गेलं असेल. टेबलावर टिश्यूचा डबा होता, पण तो पेशंटसाठी असेल असं वाटून मी माझाच रुमाल काढला. बाईंनी डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

निघताना त्या म्हणाल्या की आणखी चारपाच वेळा येऊन बघा, हे सगळ्यांनाच मानवतं असं नाही, नाही पटलं तर मोकळेपणाने सांगा, दुसरा मार्ग बघू.

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो.

"जरूर विचारा," त्या म्हणाल्या. "पण यायचं तुम्हाला आहे."

खाली येऊन स्कूटरवर बसलो. किल्ली लावायच्या आत नानांचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता, मग तो थांबला.

"काय म्हनला डॉक्टर?"

त्या डॉक्टर नाहीत आणि पुरुषही नाहीत, हे माझं त्यांना दोनदा सांगून झालं होतं.

"त्या काही म्हणाल्या नाहीत, नाना. मीच बोललो."

"तू?"

"हो."

आबा गेल्यापासून त्यांच्या माझ्यात आबांचं नाव निघालं नव्हतं. दोघांनाही ते टाळायची सवय लागली होती.

"आबांचं बोलला का?"

"हो."

"बरं केलं," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "आता परत कधी?"

मी कोणालाही न विचारता सांगितलं, "पुढच्या मंगळवारी."

"सोबत कोन?"

"कोणी नाही. एकट्यालाच जायचं असतं."

"बरं," नाना म्हणाले. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजावर ओरडून ते म्हणाले, "खाल्लं का काही?"

मी हो म्हणणार होतो. सकाळपासून मी काहीच खाल्लं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.