पिलाच्या पायातली तार

मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. कंपनीत आठ तास मशीनपुढे उभा असतो तोवर ठीक. घरी आलो की सुरू. मागच्या दाराने बाहेर, पुढच्या दाराने आत. त्या वर्षी नवरात्रात तर हे फारच वाढलं होतं, कारण श्रावणात वडिलांना, म्हणजे अण्णांना, लकवा झाला आणि त्यांचा उजवा हात गेला.

गेला म्हणजे होता तिथेच होता. मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. अण्णा भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. कानस मारून मारून त्या हाताचं मनगट माझ्या दीडपट झालेलं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम चालू ठेवा, वेळ लागेल. किती वेळ, ते कोणी सांगेना. जीभही जड झाली होती, त्यामुळे अण्णा बोलायचेच कमी. मला फक्त तो हात उठलेला बघायचा होता. दुसरं काही डोक्यात येतच नव्हतं.

आमचं घर निगडीला. मागे चार पावलांचं अंगण, भिंतीवर माजलेली बोगनवेल आणि पलीकडे रिकामा प्लॉट, त्यात सुबाभूळ, घाणेरी आणि पुरुषभर गवत. अण्णांची खाट आम्ही मागच्या खिडकीशी लावली होती. हस्ताचा पाऊस थांबला, ऊन चटकायला लागलं आणि त्या प्लॉटमधून एकेक पाहुणा अंगणात यायला लागला. मुंगसाची जोडी गटाराच्या कडेने फिरून जायची. सरडे भिंतीवर ऊन खात माना हलवायचे. बोगनवेलीत, माझ्या छातीच्या उंचीवर, भारद्वाजाने घरटं केलं होतं. खरं तर त्यांची पिलं पावसाळ्यातच मोठी होतात, पण या जोडीचं सगळं उशिराच चाललं होतं. दोन पिलं होती. काळी, अंगावर पांढरे राठ केस, जवळ गेलं की फुस्स करणारी. दिसायला भयंकरच, पण अण्णांना त्यांचं भारी कौतुक. नर चोचीत सरडा धरून आला की ते डाव्या हाताने खाटेवर थापटायचे आणि बायकोला बोलावून दाखवायचे. दिवसभरात त्यांच्या चेहऱ्यावर काही हलायचं ते तेव्हाच.

हे मी चाकणला, कंपनीत, चहाच्या सुट्टीत सांगत होतो. पार्किंगमध्ये त्याच आठवड्यात धोबी पक्षी आले होते. शेपट्या हलवत गाड्यांच्या मधून नुसते पळत होते. मला ते आवडतात, माझ्यासारखेच आहेत. आमच्या लाइनवर जवळच्याच गावातले एक काका आहेत, रिटायरमेंटला आलेले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"भारद्वाज म्हंजी आमचा कुक्कुडकोंबा. त्याचं घरटं हाय? आन् पिलं हायेत?"

"आहेत की दोन."

"मग बसलाय काय, राव. पिलाच्या पायाला लोखंडाची तार बांध. त्याचा बाप रानातनं मुळी आनतोय. ती लावली की लोखंड तुटतंय. तीच मुळी लकव्याच्या हातावरनं फिरवायची. हात उठतो म्हंजी उठतोच."

"काका, काहीही काय."

"न्हाई तर न्हाई. तुझा बाप हाय, तू बघ."

मी हसलो. डिप्लोमा केलेला माणूस मी, दिवसभर मायक्रोमीटर हातात. पण कंपनीच्या बसमध्ये बसलो आणि तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा माझा हात खिशात गेला. खिशात बाइंडिंग वायरचा एक तुकडा होता. तो मी कधी उचलला, हे मला आजही सांगता येणार नाही.

पाचव्या माळेच्या संध्याकाळी बायको शेजारी आरतीला गेली. मी बोगनवेलीत हात घातला, काट्यांनी मनगट सोलून निघालं. मोठ्या पिलाच्या पायात तारेचा वेढा घातला आणि दुसरं टोक फांदीला पिळलं. पिलू ओरडलं नाही, हाताखाली नुसतं थरथरत राहिलं. मागे वळलो तर खिडकीत अंधार होता. अण्णा झोपलेत असं मी धरून चाललो. धरून चाललो, हेच खरं.

पुढचे चार दिवस मला कसे गेले, काय सांगू. मशीनवर जॉब लावायचा आणि डोळ्यांपुढे घरटं. सातव्या माळेला एक पीस स्क्रॅप केला, सुपरवायझर म्हणाला, भाऊ, लक्ष कुठाय? लक्ष मुळीकडे होतं. घरी आलो की चपला काढायच्या आधी अंगणात. भारद्वाज यायचा, चोचीत कधी टोळ, कधी सरडा. मुळी नाही. एकदा काडी दिसली म्हणून वेलीपाशी धावलो, तर तो काडीकिडा निघाला.

आणि इकडे अण्णा बिघडले. सहाव्या माळेपासून त्यांनी खिडकीकडे पाठ केली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पेज दोन चमचे घेतली की तोंड मिटायचे. व्यायाम द्यायला मी हात धरला की डाव्या हाताने माझा हात बाजूला सारायचे. बायको घाबरली. म्हणाली, "अहो, परत तसंच काही होतंय का? डॉक्टरांना दाखवू या." डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले नवीन काही नाही, मन खचलंय. मला वाटलं, आता मुळी आलीच पाहिजे. आठव्या माळेला धाकटं पिलू घरट्यातून बाहेर पडलं, फांद्यांवरून धडपडत प्लॉटच्या गवतात उतरलं. मोठं तिथेच. पाय सुजला होता, तार मांसात रुतत चालली होती. भिंतीवर मुंगूस येऊन दोन पायांवर उभं राहून बघून गेलं. मी त्याला दगड मारून हाकललं. तार सोडायला हात पुढे केला आणि परत घेतला. उद्याचा एक दिवस, म्हटलं. माझी मला लाज वाटत होती, तरीही मी हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कंपनीतली पूजा उरकून मी दुपारी घरी आलो. आमच्याकडे अण्णांच्या हत्यारांची पूजा असते: कानस, हातोडी, छिन्नी, गुण्या, पक्कड. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही, हा अण्णांचा नियम. लहानपणी या दिवशी माझ्या सायकलची चेन उतरली होती. मी पाटावरचा पाना घ्यायला गेलो तर त्यांनी मनगट धरलं आणि मला क्लासला चालत पाठवलं. शेजाऱ्याचा नळ फुटला तरी त्यांनी पाना दिला नव्हता. हत्यारांना एक दिवस तरी सुट्टी पाहिजे, म्हणायचे.

त्या वर्षी पूजा मी केली. पाट खाटेजवळ मांडला, त्यांना दिसावं म्हणून. हळद-कुंकू वाहिलं, प्रत्येक हत्यारावर झेंडूचं फूल ठेवलं. अण्णा वळले. खूप वेळ पाटाकडे बघत होते. मग डावा हात खाटेवरून खाली आला, चाचपडत चाचपडत पक्कडीपर्यंत पोचला. मी म्हटलं, "अण्णा, काय पाहिजे?" त्यांनी पक्कड उचलली. झेंडू घरंगळला. हळद-कुंकू लागलेली ती पक्कड त्यांनी माझ्यासमोर धरली आणि मानेने मागच्या खिडकीकडे खूण केली.

बायको म्हणाली, "अहो, पूजेतली उचलली त्यांनी."

  चार दिवस ते भिंतीकडे कशासाठी बघत होते ते मला आत्ता कळत होतं. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांच्यासाठी मी काय केलं तेही, आणि कोणाला धरून केलं तेही. 

अंगणात गेलो. पिलाने आज फुस्ससुद्धा केलं नाही. एका हातात त्याला धरून पक्कडीचं तोंड तारेखाली सरकवायला लागलो. सुजेमुळे जागाच मिळेना. आयुष्यात इतकं बारीक काम मी मशीनवरही केलं नसेल. तार तुटली, पिलाच्या पायाला हळद लागली. पिलाने तिथेच बसून दोन-तीनदा पाय झाडला, मग लंगडत फांदीवर गेलं, तिथून पलीकडे. गवतातून मादीचा घुमणारा आवाज आला, हूप हूप हूप. ते जगलं का, मला माहीत नाही. दिवाळीपर्यंत गवतात एक लंगडा भारद्वाज दिसायचा असं बायको म्हणते. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असेल.

आत आलो. अण्णांनी पक्कड परत मागितली, लेंग्याला पुसली आणि पाटावर ठेवली. मग खिडकीकडे तोंड करून पडले. रात्रीची पेज त्यांनी पूर्ण संपवली.

वसुबारसेला मी रिकामं घरटं उतरवलं. काकांनी असंही सांगितलं होतं की मुळी घरट्यातच लपवलेली असते आणि ती वाहत्या पाण्यात उलटी जाते. मी मोरीच्या नळाखाली बसलो आणि एकेक काडी धारेत सोडायला लागलो. सगळ्या पाण्याबरोबर जाळीकडे निघून जात होत्या. मान वर केली तर अण्णा खाटेवरून मला बघत होते. श्रावणानंतर पहिल्यांदाच ते हसले, तोंडाच्या एका बाजूने. मीपण हसलो, काय करणार.

हातात एक काडी राहिली होती. नळ बंद केला.

त्यांचा उजवा हात अजून मांडीवरच असतो. ती काडी माझ्या टूलबॉक्समध्ये आहे, पक्कडीशेजारी. ती मी पाण्यात सोडून बघितलेली नाही.