बायकोच्या नावाची बुरशी

सगळी इमारत त्यांना बुरशीमास्तर म्हणायची. मेलेल्या बांबूवर जी नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी बुरशी उगवते, ती ओळखून तिला तिच्या कुळात नेऊन बसवणं, हे त्यांचं काम. सोयरीक जुळवताना लोक पाहत नाहीत एवढं कूळ मास्तर एका काळ्या ठिपक्याचं पाहत. सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून मान कायमची खाली गेली होती. समोरच्याला वाटे, हा माणूस आपलं बोलणं फार मनावर घेतोय.

लग्नानंतर त्यांनी बायकोला शब्द दिला होता : नवी जात सापडली, की तिला तुझं नाव. "लोकांच्या बायकांना दागिने, मला बुरशी," असं ती चारचौघांत सांगायची, पण वाट बघायची. वाट बघता बघता दोघांचे गुडघे गेले.

निवृत्तीच्या तोंडावर ती सापडली. बीजाणू काचेसारखे नितळ, आत एकही आडवा पडदा नाही. अशी कुठल्याच ग्रंथात नव्हती. शोधनिबंध तयार झाला, फक्त पाठवायचा उरला. बांबूचा तुकडा घरी, स्वयंपाकघरातल्या डब्यात ओल्या कागदावर होता. एरवी असले डबे बायको घासून मोकळी व्हायची. हा तिनं जपला, आठवणीनं पाणी शिंपडलं.

"अहो, बघा तरी, तुमच्या लेकीनं कसं बाळसं धरलंय!"

मास्तरांनी कौतुकानं कणभर काढून काचेवर ठेवलं. बीजाणू तपकिरी झाले होते आणि प्रत्येकात आडवे पडदे. ही तर दर दुसऱ्या बांबूवर भेटणारी जुनीच ओळखीची! "आधी पिकू द्या, मग नाव ठेवा," असं जन्मभर विद्यार्थ्यांवर खेकसणाऱ्या मास्तरांनी कोवळ्या पोरीलाच परकी ठरवलं होतं.

"काय झालं? मान सरळ झाली एकदम?"

"अगं, ही नवी नाही." त्यांनी थकल्या आवाजात सगळं सांगितलं.

"म्हणजे मी पाणी घातलं नसतं तर?"

"तर तू बुरशी झाली असतीस."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "निबंध तसाच पाठवला तर? कोण बघतंय?"

"आज नाही कुणी. पण पुढेमागे कुणीतरी पाणी घालेलच."

"आणि मग माझं नाव खोडतील?"

"हो."

"नको बाई. या वयात कुणाकडून खोडून घेऊ?"

तिनं डबा मोरीत नेला आणि झाकण घासायला मास्तरांच्या हातात दिलं.